ग्रंथसंवाद : आधी वाड्याचा नकाशा काढा

प्रश्न : महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' नुकतंच वाचलं. वऱ्हाडात आमचाही मोठा वाडा आहे आणि सध्या त्याच्या वाटण्या चालू आहेत, त्यामुळे वाचताना फार अस्वस्थ झालो. नाटक, जुनी घराण्याची घरं आणि सिनेमाची समीक्षा या तिन्ही विषयांत रस आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, अमरावती जिल्हा)

उत्तर : नवीन पुस्तक आणण्याआधी तीच संहिता परत उघडा आणि या वेळी हाताशी कागद-पेन्सिल ठेवा. मी बरीच वर्षं स्पर्धेच्या नाटकांचं नेपथ्य केलं, त्यामुळे हा सल्ला नेपथ्य करणारीचा आहे. कोण कुठून येतं, कुठे बसतं आणि कुठल्या दारापलीकडे जात नाही, एवढंच टिपत जा. दोन प्रवेशांत वाड्याचा नकाशा तयार होतो आणि त्या घरात कुणाचं काय चालतं, हेही त्याच नकाशात दिसायला लागतं.

नाटकात धरणगावच्या देशपांड्यांच्या घरातले वडील, तात्याजी, वारलेत. मुंबईहून मुलगा सुधीर आणि सून अंजली आलेत. तेराव्याला गावजेवण घालायचं तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न सगळ्यांच्या डोक्यावर आहे. दारात ट्रॅक्टर गंजत पडलाय. आता सुधीरच्या भावाकडे, चंदूकडे बघा. तो सतत कुणाच्या तरी कामासाठी या टोकाकडून त्या टोकाला जातो. निवांत बसलेला असा तो सापडतच नाही. त्यांची बहीण प्रभा हिला शिकायचं होतं, ते शिकू दिलं नाही. मग एवढ्या मोठ्या घरात तिची हक्काची जागा कुठली? आणि रात्री वहिनी घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवते, तो प्रवेश. दिवसा, चारचौघांत, ओसरीवर हे घडूच शकलं नसतं. घरातल्या मोठ्या सुनेला ते सोनं मिरवायला मिळतं ते बंद दाराआड, फक्त नवऱ्यासमोर. मराठी नाटकातल्या मला सर्वांत प्रिय प्रवेशांपैकी हा एक आहे. तो समजायला वाडा समजावा लागतो, म्हणून नकाशाचा आग्रह.

विजया मेहतांनी 'कलावैभव' या नाट्यसंस्थेसाठी हे नाटक 1985 साली बसवलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' आली आणि 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं एकत्र उभी केली. वाडा तुमच्या डोक्यात स्पष्ट झाला की पुढची दोन्ही लगेच वाचा, मध्ये खंड पडू देऊ नका.

त्यानंतर जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' घ्या. तिथेही वाडाच आहे, आणि केशवपन झालेली मावशी त्यात वावरते आहे. विजयाबाईंनी ते रंगमंचावर आणलं आणि 1986 मध्ये त्यावरूनच 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट केला. मावशीची भूमिका दोन्हीकडे त्यांचीच. संहिता वाचून चित्रपट पाहिलात तर नाटक आणि सिनेमा यांतला फरक तुमचा तुम्हाला उमगेल. रंगमंचावर वाड्याचा एकच भाग समोर असतो, बाकीचा विंगेतून येणाऱ्या आवाजांवरून आपण मनात बांधतो. कॅमेरा मात्र जिन्यावरून, बोळातून, खोलीत थेट आत शिरतो. विजयाबाईंचं 'झिम्मा' हे आत्मचरित्रही जोडीला असू द्या. नाटक बसवणारं माणूस विचार कसा करतं, ते त्यात मोकळेपणानं आलंय.

आणि एक विनंती. वाटण्या पुऱ्या होण्याआधी तुमच्या वाड्याचा नकाशा काढून ठेवा. देवडी, चौक, ओसरी, माजघर, बळद (धान्य साठवायची जागा), बाळंतिणीची खोली, परसदार, सगळं. किती खणांचा सोपा, तुळया कुठल्या लाकडाच्या, विहिरीवर कोण पाणी भरायचं आणि कुणाला भरू दिलं जायचं नाही, हेही लिहा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा. पुरुषांना सदर माहीत असते, बायकांना सगळं घर.

प्रश्न : समीक्षा वाचली की सिनेमाची मजा जाते, असं माझे मित्र म्हणतात. खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मला पटत नाही. अरुण खोपकरांचं 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका' वाचा आणि तुम्हीच ठरवा. 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' हे त्यातले तीन अंक. उत्तम चित्रपटविषयक पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आहे. वाचून झाल्यावर 'साहिब बीबी' परत लावा. सुरुवातीलाच हवेली पाडली जात असते आणि तिथे देखरेखीला कथेचा नायक भूतनाथच असतो, म्हणजे पुढचा सगळा सिनेमा ढिगाऱ्यावरून मागे वळून पाहिलेला. त्याला छोटी बहूच्या महालात बोलावतात तेव्हा तो खाली मान घालून गालिच्यावरून चालतो, आणि आपल्यालाही आधी दिसतात ती तिची पावलं. चेहरा नंतर. जमीनदाराच्या अंतःपुरात पाय ठेवणाऱ्या गरीब माणसाची नजर कुठे असायला हवी, याचा सगळा धाक त्या मांडणीत आहे. हे कळल्यावर मजा जाते की वाढते?

पुढे शिस्तीत शिकावंसं वाटलं तर सतीश बहादूर आणि श्यामला वनारसे यांचं 'चित्रपटाचे सौंदर्यशास्त्र' आहे. ते सावकाश वाचायचं पुस्तक आहे.

प्रश्न : गोव्याच्या जुन्या घरांवर काही सुचवाल का? (एक वाचिका, सावंतवाडी)

उत्तर : तुम्ही इतक्या जवळ राहता, तर पुस्तकाआधी पर्वरीजवळच्या तोर्डा गावी जाऊन या. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी 'हाउसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय तिथे उभं केलंय. मग हेल्डर कारिता यांचं 'पॅलेसेस ऑफ गोवा' हे इंग्रजी पुस्तक चाळा. घराच्या पुढ्यातलं बाल्कांव, म्हणजे बाकं असलेली ओसरी, आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या नीट बघा. आपला वाडा रस्त्याकडे भिंत करून आत चौकाकडे तोंड करतो. गोव्यातल्या या घरांना चौक असला तरी बाल्कांवातली बाकं येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला रस्त्याकडेच मांडलेली असतात. चांदोरचं ब्रागांझांचं घरही पाहता येतं. जमलं तर दोन्ही एकाच फेरीत करा.