शंका-समाधान : चुकीची अक्षरं आणि न दिसणारे बाइट

प्रश्न : मराठी मजकुराची टेक्स्ट फाइल उघडली, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चार टोकं फुटलेलं वर्तुळ, मधूनच येनचं चिन्ह असं काहीबाही दिसलं. लक्षात यायच्या आत फाइल सेव्हही झाली. मजकूर परत मिळेल का?

उत्तर : बहुधा मिळेल. अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये होती आणि एडिटरने ती विंडोज-१२५२ हे जुनं, रोमन अक्षरांचं एन्कोडिंग समजून वाचली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. (चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर नव्हे. ‘क्षी’मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट.) त्यातला पहिला बाइट ई० आणि दुसरा ए४ किंवा ए५ असतो (बाइटचे आकडे ० ते ९ आणि ए ते एफ वापरून असे लिहितात). विंडोज-१२५२ च्या तक्त्यात ई० म्हणजे तो रेघवाला ए, ए४ म्हणजे वर्तुळ आणि ए५ म्हणजे येन. ही जोडी पुन्हापुन्हा दिसली की निदान पक्कं.

आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिचा आकार जुन्या आकाराशी ताडून बघा. आकार तेवढाच असेल तर बहुधा बाइट शाबूत आहेत, चुकलंय ते फक्त वाचन. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर उजवीकडे एन्कोडिंगचं नाव दिसतं. त्यावर क्लिक करून ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ आणि मग ‘यूटीएफ-८’ निवडा. शेजारच्या ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ला हात लावू नका. पहिला पर्याय तेच बाइट नव्याने वाचतो, दुसरा बाइटच बदलतो. बहुतेक फायली या दोहोंतल्या गोंधळात जातात.

आकार जवळपास दुप्पट झाला असेल, तर ती विचित्र चिन्हंच पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली गेली आहेत. नोटपॅड++ मध्ये फाइल उघडून ‘एन्कोडिंग’ मेनूतून ‘कन्व्हर्ट टू एएनएसआय’ करा. त्यानंतर त्याच मेनूतला वरचा, ‘कन्व्हर्ट’ शब्द नसलेला ‘यूटीएफ-८’ निवडा. मराठी दिसली तरच सेव्ह करा. एएनएसआय म्हणजे त्या संगणकावरच्या विंडोजचा जुना अक्षरतक्ता, अर्थात कोडपेज. तो १२५२ असेल तरच ही युक्ती लागू पडते.

आता यातली मेख. १२५२ च्या तक्त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी ही ५ घरं रिकामी आहेत. हलन्ताचा तिसरा बाइट नेमका ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, झचा ९डी, एचा ८एफ आणि ऐचा ९०. काही प्रोग्रॅम या रिकाम्या घरांतले बाइट तसेच पुढे नेतात, काही गाळतात किंवा तिथे प्रश्नचिन्ह टाकतात. तसं झालं असेल तर बाकी मजकूर परत येतो, पण जोडाक्षरं आणि ऱ्हस्व उकार तुटलेले राहतात. दोन्हींचे पहिले दोन बाइट सारखेच असल्याने कुठे हलन्त होता आणि कुठे उकार, हे यंत्राला ठरवता येत नाही. तिथे हातानेच दुरुस्ती.

आणि फाइलभर नुसती प्रश्नचिन्हंच असतील तर आशा सोडा. देवनागरी मजकूर एएनएसआय म्हणून सेव्ह केला की प्रत्येक चिन्हाच्या जागी ३एफ हा एकच बाइट लिहिला जातो. मूळ चिन्हाची खूण कुठेच उरत नाही. बॅकअप असेल तर तो काढा.

प्रश्न : सीएसव्ही फाइल एडिटरमध्ये नीट दिसते, एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली की मराठी बिघडते. असं का?

उत्तर : फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे ३ बाइट, म्हणजे फाइल यूटीएफ-८ असल्याची खूण (बीओएम), नसली तर एक्सेल ती एएनएसआय धरून चालतो. एडिटरमधून ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ म्हणून सेव्ह करा. किंवा एक्सेलमध्ये ‘डेटा’ टॅबवरून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घेऊन ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. ही दुसरी वाट बरी, कारण फाइल आहे तशी राहते. बीओएम सरसकट लावू नका. तीच सीएसव्ही एखादा प्रोग्रॅम वाचणार असेल, तर ते ३ बाइट पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतात आणि समोर दिसणारा रकाना ‘सापडत नाही’ असा संदेश येतो.

प्रश्न : विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणते. फाइल तर तिथेच आहे!

उत्तर : लिनक्स तुमची स्क्रिप्ट नव्हे, तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, शोधतोय. विंडोज ओळ संपल्याची खूण म्हणून सीआर आणि एलएफ असे २ बाइट टाकतं, लिनक्सला एकटा एलएफ लागतो. उरलेला सीआर इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग ठरतो आणि त्या नावाचं काही नसतं. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर ‘सीआरएलएफ’वर क्लिक करून ‘एलएफ’ करा आणि सेव्ह करा. नोटपॅड++ मध्ये ‘एडिट’खालच्या ‘ईओएल कन्व्हर्जन’मधून हेच होतं. त्यानंतरही अडलं तर बीओएम तपासा. स्क्रिप्टचे पहिले दोन बाइट हॅश आणि उद्गारचिन्ह हेच असावे लागतात.

गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक ओळ बदलल्यावर अख्खी फाइल बदललेली दिसते, त्यामागेही बहुतेकदा हेच. प्रत्येकाच्या संगणकावरच्या सेटिंगवर विसंबण्यापेक्षा प्रकल्पातच गिटॲट्रिब्यूट्सची फाइल ठेवून शेल स्क्रिप्टला एलएफ आणि बॅच फायलींना सीआरएलएफ ठरवून द्या.

प्रश्न : ‘दऱ्या’ शब्द शोधला तर काही ठिकाणीच सापडतो.

उत्तर : तो दोन तऱ्हांनी टाइप होतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक (युनिकोड क्रमांक २००डी) असा. दिसायला सारखेच, बाइट वेगळे. शोधा-बदला करताना ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. अदृश्य चिन्हं सरसकट पुसणारी सफाई मात्र आधी चालवू नका. नुसता जोडक गेला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात.