इमेजचा फॉरमॅट 'घोषित' करायचा की 'नमूद'?

प्रश्न असा आहे: व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या कशा लिहाव्यात, याची मार्गदर्शिका मराठीत करताना 'एक्स्प्लिसिटली डिक्लेअर द इमेज फॉरमॅट' हे वाक्य अडतं. 'प्रतिमेचे स्वरूप स्पष्टपणे घोषित करा' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. नुसतं 'फॉरमॅट सांगा' म्हटलं तर 'एक्स्प्लिसिटली'चा जोर जातो. मग काय लिहावं?

माझं उत्तर: 'इमेजचा फॉरमॅट नमूद करा.' जोर हवा असेल तिथे पुढे 'अंदाजावर सोडू नका' हे जोडा. 'स्पष्टपणे' आणि 'घोषित' हे दोन्ही शब्द इथे नकोत. पण का नकोत, हे त्या सूचनेमागे यंत्रात काय घडतं ते पाहिल्याशिवाय पटणार नाही, म्हणून आधी थोडं तिकडे वळतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. त्याची हार्ड डिस्क म्हणजे होस्टवरची, म्हणजे ज्या खऱ्या संगणकावर तो चालतो त्याच्यावरची, एक फाइल. तिला आपण डिस्क इमेज म्हणतो. तिचे फॉरमॅट अनेक आहेत: क्यूकाउ-२, व्हीएमडीके, व्हीडीआय, व्हीएचडीएक्स आणि रॉ. यातल्या बहुतेकांची फाइल स्वतःची ओळख सोबत बाळगते. क्यूकाउ-२ घ्या. तिच्या पहिल्या चार बाइटांत 'क्यू', 'एफ', 'आय' ही तीन रोमन अक्षरं आणि चौथा एक ठरावीक बाइट असतो. रॉ फाइलला असं काहीच नसतं. तिचा पहिला बाइट हाच गेस्टच्या, म्हणजे आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या, डिस्कचा पहिला बाइट. आधी शीर्ष (हेडर) नाही, शेवटी खूण नाही.

आता क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला फाइल दिली आणि फॉरमॅट दिला नाही, तर तो फाइलचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि प्रत्येक फॉरमॅटच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो फॉरमॅट वाचणाऱ्या भागाला, विचारतो, 'ही तुझी वाटते का?' ड्रायव्हर शून्य ते शंभर यांमधले गुण देतो आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त त्याला फाइल मिळते. रॉचा ड्रायव्हर कुठल्याही फाइलला फक्त एक गुण देतो. म्हणजे दुसरं कोणी हक्क सांगितला नाही, तरच ती रॉ.

इथे मराठी व्याकरणातला एक जुना शब्द कामाला येतो: अध्याहृत. 'जेवलास का?' या वाक्यात 'तू' हा कर्ता अध्याहृत आहे. बोललेला नाही, तरी गोंधळ होत नाही, कारण 'जेवलास'मधला शेवटचा 'स' तो कर्ता सांगून जातो. क्यूकाउ-२ फाइलचा फॉरमॅट या अर्थाने अध्याहृत ठेवता येतो. रॉच्या बाबतीत मात्र तो प्रत्ययच नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जे बाइट पाहून अंदाज बांधायचा, ते बाइट लिहिण्याचा अधिकार गेस्टला आहे.

त्यातून काय होतं ते २००८ साली उघड झालं आणि सुरक्षेतल्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२००८-२००४ या क्रमांकाने नोंदलं गेलं. गेस्टने आपल्या रॉ डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर क्यूकाउ-२चं शीर्ष लिहून ठेवायचं. त्या शीर्षात आधाराच्या फाइलचं, म्हणजे इमेजमध्ये नसलेला मजकूर जिथून वाचायचा त्या फाइलचं, नाव लिहायला जागा असते, तिथे होस्टवरच्या कुठल्याही फाइलचं नाव भरायचं. मशीन पुन्हा सुरू झालं की अंदाज बांधणारा क्यूएमू ती इमेज क्यूकाउ-२ समजून उघडतो आणि होस्टवरची ती फाइल गेस्टला आपल्या डिस्कवर वाचायला मिळते. फॉरमॅट रॉ असं सांगितलेलं असतं, तर तेच शीर्ष नुसते निरुपद्रवी बाइट राहिले असते.

आता शब्दांकडे येऊ. मूळ सूचनेत 'एक्स्प्लिसिट'चा विरुद्धार्थ 'अस्पष्ट' हा नाही, 'न सांगता सोडलेलं' हा आहे. मराठीत 'स्पष्टपणे सांगणे' म्हणजे आडपडदा न ठेवता, समोरच्याला काय वाटेल याची भीड न बाळगता सांगणे. 'स्पष्टच सांगतो, मला हे पटलेलं नाही.' हा सांगण्याच्या पद्धतीचा गुण झाला. आज्ञेत फॉरमॅट एक तर लिहिलेला असतो किंवा नसतो. तो कमी किंवा जास्त स्पष्टपणे लिहिण्याची सोयच नाही. म्हणून 'स्पष्टपणे' हा शब्द तिथे रिकामा पडतो. क्रियापद नेमकं निवडलं की त्याची गरजही उरत नाही.

'घोषित'चं वेगळं आहे. घोषणा अधिकारी करतो आणि ती चारचौघांसाठी असते: निकाल घोषित होतो, उमेदवार विजयी घोषित होतो. चाचणीतल्या एका ओळीला हा थाट शोभत नाही. तरीही या शब्दाची एक बाजू मला विचार करायला लावते, ती नोंदवून ठेवतो. उमेदवार विजयी घोषित झाला की त्या क्षणापासून तो विजयी ठरतो. घोषणेनेच ती गोष्ट घडते. रॉचं अगदी तसंच आहे. रॉ असणं हा फाइलच्या अंगचा गुण नाही. ती कशी वाचायची हा वाचणाऱ्याचा निर्णय आहे. क्यूकाउ-२ नसलेल्या फाइलवर 'ही क्यूकाउ-२' असं लिहिलंत, तर क्यूएमू शीर्ष तपासून ताबडतोब चूक दाखवतो. उलट क्यूकाउ-२ फाइल 'ही रॉ' म्हणून दिलीत, तर तो एक अवाक्षर काढत नाही. रॉला कुठलेही बाइट चालतात. ६४ एमबीची रिकामी क्यूकाउ-२ इमेज तयार करून अशी रॉ म्हणून उघडून पाहा. गेस्टला ६४ एमबीऐवजी जेमतेम १९२ केबीची डिस्क दिसेल. क्यूकाउ-२ फाइल क्लस्टर नावाच्या सारख्या आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते. नेहमीच्या ६४ केबीच्या क्लस्टरच्या हिशेबाने शीर्ष आणि हिशेबाचे तक्ते मिळून तीन क्लस्टर आणि वर काही बाइट, एवढीच तर ती फाइल असते.

तर, 'नमूद'. हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ दिसणे, प्रकट होणे असा. मराठीत तो कागदपत्रांत रुळला: 'वर नमूद केल्याप्रमाणे', 'पंचनाम्यात नमूद केलेल्या वस्तू'. त्याचा आजचा अर्थ आहे लेखी नोंदवून ठेवणे, म्हणजे पुढे कोणाला तर्क करावा लागू नये. मला हवं ते सगळं यात आहे. जे नमूद आहे ते लिहिलेलं आहे, आणि जे नमूद नाही ते कोणी तरी भरून काढणार आहे.

बोलताना अर्थात कोणी 'नमूद' म्हणत नाही. 'फॉरमॅट दे', 'फॉरमॅट पास कर' असंच म्हणतात, आणि 'फॉरमॅट द्या' हे लेखनातही चांगलं आहे. फक्त 'फॉरमॅट करा' या दोन शब्दांपासून कटाक्षाने दूर राहा. मराठीत डिस्क फॉरमॅट करणे, किंवा बोलीत फॉरमॅट मारणे, म्हणजे तिच्यावरचं सगळं पुसून टाकणे. 'इमेज रॉ फॉरमॅट करा' असं घाईत लिहिलेलं वाक्य कोणी तसंच अंमलात आणलं, तर नुकसान खरं होईल. 'फॉरमॅट'साठी 'स्वरूप' वापरावं असा आग्रह काहींचा असतो. इतर फाइलींसाठी तो मला मान्य आहे. पण 'प्रतिमेचे स्वरूप' म्हटलं की डोळ्यांसमोर चित्र येतं, डिस्क येत नाही. इथे इमेज आणि फॉरमॅटच राहू द्यावेत.

आता अंदाज बांधण्याच्या या क्रियेसाठी इंग्रजीत येणारे 'डिटेक्ट' आणि 'प्रोब' हे शब्द. यासाठी 'ओळखणे' सर्रास वापरतात आणि मला ते धोक्याचं वाटतं, कारण आपलं 'ओळखणे' दुहेरी आहे. 'मी त्यांना ओळखतो' यात खात्री आहे, 'ओळखा पाहू मी कोण' यात नुसता तर्क. 'क्यूएमू फॉरमॅट आपोआप ओळखतो' हे वाक्य वाचणारा पहिला, खात्रीचा अर्थ घेतो आणि निर्धास्त होतो. फॉरमॅट न देता उघडलेली इमेज अंदाजाने रॉ ठरली की क्यूएमू एक इशारा दाखवतो, त्यात तो स्वतः 'तर्क केला' या अर्थाचंच क्रियापद वापरतो. ते प्रामाणिक आहे, भाषांतरातही ते तसंच उतरायला हवं. 'आपोआप ओळख' नको, 'अंदाज' म्हणा.

आणखी एक भेद पाळायला हवा. फॉरमॅट न सांगितल्यावर सगळीच सॉफ्टवेअर अंदाज बांधत नाहीत. लिबव्हर्ट या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मशीनच्या व्याख्येत डिस्कचा फॉरमॅट लिहिला नाही, तर तो आज मुळात रॉच मानला जातो. याला 'गृहीत धरणे' म्हणतात. अंदाज फाइल पाहून बांधतात, गृहीत न पाहता धरतात. इंग्रजीत दोन्हीला 'इम्प्लिसिट' म्हणून भागतं. मराठीत दोन वेगळी क्रियापदं तयार असताना ती एकात मिसळू नयेत, कारण चुकीचे परिणामही वेगळे आहेत. गृहीत धरलेलं चुकलं तर मशीन बूट होत नाही. अंदाज चुकला तर ते बूट होतं आणि भलतीच फाइल उघडी पडते.

प्रश्न चाचण्यांचा आहे, म्हणून तिथे हे कसं दिसतं तेही सांगतो. क्यूएमूच्या आयओटेस्ट्स या संचात एकच चाचणी वेगवेगळ्या फॉरमॅटवर चालवता येते. फॉरमॅटचं नाव आयएमजीएफएमटी या व्हेरिएबलमध्ये असतं आणि चाचणीचं आउटपुट आधी जपून ठेवलेल्या आउटपुटशी ओळीला ओळ ताडून पाहिलं जातं. एखाद्या आज्ञेत फॉरमॅट द्यायचा राहिला, तर क्यूकाउ-२वर काहीच कळत नाही. अंदाज बरोबर येतो, चाचणी पास होते. तीच चाचणी रॉवर चालवली की आउटपुटमध्ये इशाऱ्याची जादा ओळ येते आणि चाचणी फेल. अशा वेळी ती ओळ गाळून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. इशारा बरोबर आहे, आज्ञा अपुरी आहे. शिवाय अंदाजाने रॉ ठरलेल्या इमेजवर क्यूएमू पहिल्या ब्लॉकचं लेखन तपासतो आणि लिहायचा मजकूर दुसऱ्या एखाद्या फॉरमॅटच्या शीर्षासारखा दिसला तर ते लेखन नाकारतो. म्हणजे फॉरमॅट नमूद न करता तुम्ही ज्या रॉची चाचणी घेता, ती नमूद केलेल्या रॉसारखी वागेलच असं नाही. चाचणी तिसऱ्याच गोष्टीची होते.

आधाराच्या फाइलवर दुसरी इमेज रचताना फॉरमॅट दोन असतात, एक वरच्या इमेजचा आणि एक आधाराचा. क्यूएमू-आयएमजी या इमेज तयार करणाऱ्या आज्ञेत पहिल्यासाठी लहान लिपीतला 'एफ' आणि दुसऱ्यासाठी मोठ्या लिपीतला 'एफ' असे पर्याय आहेत. २०२१ सालच्या ६.१ आवृत्तीपासून नवी इमेज तयार करताना आधाराची फाइल दिली आणि तिचा फॉरमॅट दिला नाही, तर आज्ञा थेट चूक दाखवून थांबते. इथे विध्यर्थ सांभाळा. 'नमूद करावा' ही शिफारस झाली, आधाराच्या बाबतीत 'नमूद करणे बंधनकारक आहे' असंच लिहायला हवं.

तुमच्या मार्गदर्शिकेसाठी वाक्यं अशी सुचवेन. 'प्रत्येक आज्ञेत इमेजचा फॉरमॅट नमूद करा, तो अंदाजावर सोडू नका.' 'आधाराच्या फाइलचा फॉरमॅट वेगळा नमूद करणे बंधनकारक आहे.' आणि त्या इशाऱ्याचं भाषांतर मी असं करेन: 'या इमेजचा फॉरमॅट नमूद केलेला नाही, अंदाजाने तो रॉ धरला आहे. रॉ इमेजबाबत असा अंदाज धोकादायक असतो, म्हणून शून्य क्रमांकाच्या ब्लॉकवरील लेखनावर निर्बंध राहतील. निर्बंध नको असल्यास फॉरमॅट रॉ असल्याचे नमूद करा.'