बंदी घातली की प्रश्न मिटला?

अगं, तुझा निबंध काल सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) बसून वाचला. 'वांशिक पक्षांवर बंदी घाला' म्हणून मोकळी झालीस, पण ते इतकं सोपं नाही. आधी नायजेरियाच्या १९९९च्या राज्यघटनेतलं कलम २२२ नीट वाच. पक्षाच्या नावात, चिन्हात वंश-धर्माचा वास नको, मुख्यालय राजधानी अबुजातच हवं. पुढचं कलम म्हणतं, कार्यकारिणीत किमान दोन तृतीयांश राज्यांतली माणसं पाहिजेत. कागदावर झकास! पण मत देताना उमेदवार कुठला, हे लोक बघतातच. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही.

बोस्निया याच्या अगदी उलट. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन करारानं अध्यक्षपदच तीन समाजांत वाटलं: बोस्नियाक (तिथले मुस्लिम), क्रोएट, सर्ब. आपल्याच समाजाच्या मतांवर बहुतेकदा भागत असेल, तर पक्ष दुसऱ्याच्या दारी जाईल कशाला? या तिघांत न बसणारे ज्यू आणि रोमा (जिप्सी) उमेदवारीतूनच बाद. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००९मध्ये हा भेदभाव ठरवला. हे तुझ्याकडून निसटलंय.

भारतावर एक परिच्छेद पुरे. आपल्या मूळ घटनेत राजकीय पक्षांना जागाच नव्हती. ती १९८५च्या ५२व्या दुरुस्तीनं, पक्षांतरबंदीसोबत मिळाली. (भलेभले हे विसरतात.)

रविवारी कॉलेज रोडला चहाला ये, निबंधाचा दुसरा खर्डा घेऊन.