दोन डगरी की एकच वाट?

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विजेमुळे चेतापेशीतली जनुकं 'चालू' होतात, हे वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. पण सर्किटचाही नाद आहे. घरचे म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. काय निवडू?

उत्तर : घरच्यांची काळजी मी समजू शकते, पण तू ज्या विषयाबद्दल विचारतेस तिथे या दोन डगरी मुळात एकच आहेत.

पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर कॅल्शियम सुमारे १०,००० पट जास्त असतं. पटलावरचा विद्युतदाब बदलला की कॅल्शियमची दारं उघडतात आणि ते आत घुसतं. निरोप केंद्रकापर्यंत पोचतो, तिथे 'क्रेब' नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं आणि 'सी-फॉस'सारखं जनुक काही मिनिटांत वाचलं जाऊ लागतं. प्रथिन तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. कॅल्शियम आत आलं की सी-फॉस काही मिनिटांत वाचलं जाऊ लागतं, हे १९८६ मध्ये ग्रीनबर्ग, झिफ आणि ग्रीन या संशोधकांनी पीसी-१२ पेशींत दाखवलं; क्रेबचा भाग नंतर उलगडला. या पेशी खऱ्या चेतापेशी नव्हेत. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीपासून मिळालेल्या, पण चेतापेशींसारख्या वागणाऱ्या.

आता प्रयोगशाळेतलं एक दृश्य डोळ्यांसमोर आण. एका डिशमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात, पेशींचा विद्युतदाब बदलतो, सी-फॉस वाढतं. पण कशावरून हे विजेमुळेच? द्रावण दाट झाल्याचा तो परिणाम नसेल कशावरून? म्हणून शेजारच्या डिशमध्ये तेवढंच सोडियम क्लोराइड घालायचं, तिसऱ्या डिशमध्ये पोटॅशियम क्लोराइडसोबत कॅल्शियमची दारं बंद करणारं निफेडिपिन हे औषध. या दुसऱ्या आणि तिसऱ्या डिशचं कौतुक तुला वाटत असेल, तर हे क्षेत्र तुझं आहे. फक्त पहिलीचंच वाटत असेल, तर थोडं थांबून विचार कर.

आणि सर्किटचं म्हणशील, तर पोटॅशियम म्हणजे दार सताड उघडं ठेवणं. खरी चेतापेशी तसं करत नाही, ती ठरावीक लयीत स्पंदनं सोडते आणि लय बदलली की प्रतिसाद देणारी जनुकंही बदलू शकतात. ती लय देणारे इलेक्ट्रोड, ते चालवणारं सर्किट, नोंदी वाचणारा प्रोग्राम हे सगळं कुणीतरी बनवावं लागतं. पेशी समजणारी आणि सोल्डरिंग येणारी माणसं फार थोडी असतात.

तेव्हा पदवी जीवशास्त्राचीच पूर्ण कर. सोबत संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग पक्कं कर, ते टाळू नकोस. पुढे चेताविज्ञान, जैवभौतिकी किंवा जैवअभियांत्रिकी, तिन्हीकडून वाट जाते. वाट लांबची आहे, हे घरी स्पष्ट सांग. पीएचडीला बरीच वर्षं जातात, आणि पेशींना सुट्टीच्या दिवशीही नवं माध्यम, म्हणजे त्यांचं पोषक द्रावण, लागतं.

या सुट्टीत पेशीसंवर्धन चालणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेला पत्र लिही. नुसतं 'मला रस आहे' नको. त्यांचा एक शोधनिबंध वाच आणि त्यातल्या एका आकृतीत कंट्रोल म्हणून, म्हणजे वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या डिशसारखं तुलनेसाठी, काय घेतलं होतं, ते का घेतलं असावं, हे तुझ्या शब्दांत दोन ओळींत मांड.