एक्स-रे नॉर्मल आला, तरी एमआरआय कशाला? – माझं उत्तर

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. मुलगा सहा वर्षांचा, पाच दिवस ताप, गुडघ्याच्या वर हात लावू देत नाही, पाय टेकवत नाही. एक्स-रे नॉर्मल. हाडात जंतुसंसर्ग (ऑस्टियोमायलायटिस) झाला असेल या शंकेने डॉक्टरांनी भूल देऊन एमआरआय सांगितलाय आणि घरचे म्हणतात, खेळताना पडला असेल, दोन दिवस मालिश करून बघू. मी डॉक्टर नाही, पण नाशिकमध्येच अठरा वर्षं स्कॅनच्या मशीनवर टेक्निशियन आहे. एमआरआय पुढे ढकलू नका. आणि मालिश तर अजिबात नको.

पाचव्या दिवशीच्या नॉर्मल एक्स-रेवर विसंबता येत नाही. हाडातलं कॅल्शियम बऱ्यापैकी झिजल्यावरच एक्स-रेत डाग दिसतो, आणि त्याला 10 ते 14 दिवस लागतात. तोवर आत पू झालेला असू शकतो. एक्स-रे काढला ते बरोबरच, फ्रॅक्चर नाही हे तरी कळलं.

लहान मुलांत हे जंतू बहुतेक वेळा रक्तातून हाडात येतात, वरून जखम दिसतेच असं नाही. हाड जिथून वाढतं त्या टोकाजवळ रक्त संथ वाहतं, तिथे ते ठाण मांडतात. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक ही त्यांची नेहमीची ठिकाणं, म्हणून मूल 'गुडघा दुखतो' म्हणतं. तिथून पू हाडाच्या आवरणाखाली सरकतो, स्नायूत जातो, कधी सांध्यात उतरतो. सांध्यात पू झाला की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, फार लवकर खराब होते. एमआरआयमध्ये हाडाच्या मगजातली सूज पहिल्या काही दिवसांतच दिसते. शिवाय पू कुठवर गेलाय, नुसत्या औषधांवर भागेल की ऑपरेशन करून काढावा लागेल, हे ठरवायला हाडांच्या डॉक्टरांना तीच चित्रं लागतात.

सोनोग्राफीने चालणार नाही का, असंही तुम्ही विचारलंय. खुब्यात पाणी साठलंय का हे बघायला ती उत्तम, भूलही लागत नाही. पण हाडाच्या आतलं तिला दिसत नाही. रेडिएशनची भीती मात्र मनातून काढा. ते एक्स-रे आणि सीटीत असतं, एमआरआयत नसतं.

मागे छाटणीच्या दिवसांत निफाडकडून एक मुलगी आली होती. आईवडील द्राक्षाच्या बागेत अडकलेले, आजीने आठ दिवस 'लचक भरली' म्हणून गरम तेलाने चोळलं. माझ्या स्क्रीनवर तिच्या नडगीभोवती पुराचं पाणी पसरावं तसा पांढरा पट्टा होता. त्याच रात्री ऑपरेशन झालं. ती आता चालते, पण आजींचा तो चेहरा मी विसरलेले नाही. त्यांनी मायेनेच चोळलं होतं हो.

आता भुलीचं. मशीनचा आवाज मोठा, वेळ अर्धा-पाऊण तास, आणि सहा वर्षांचं दुखरं पोर तेवढा वेळ निश्चल पडून राहत नाही. हललं की चित्र फिसकटतं. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ नाडी आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवून असतात. साधारण सहा तास आधीपासून खाणं बंद असतं, पाण्याचं ते सांगतील तसं. काँट्रास्टचं (चित्र जास्त स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते) इंजेक्शन द्यायचं असेल तर किडनीचा काही त्रास किंवा कसली अ‍ॅलर्जी आहे का ते आधीच सांगा.

तारीख उशिरा मिळत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: रक्ताचं कल्चर (रक्तात कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी) घेऊन अँटिबायोटिक आत्ताच सुरू करायचं का? आजारी मुलाचं औषध स्कॅनसाठी अडून राहता कामा नये. मूल मलूल पडलं, धाप लागली किंवा ताप चढतच गेला, तर अपॉइंटमेंट विसरा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. पैशांची अडचण असेल तर ते हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि एक, चांदीचा करदोडा, ताईत, हातातली वाळी घरूनच काढून या. ऐन वेळी पोर रडत असताना घट्ट बसलेला करदोडा कापायची वेळ येते आणि आजी हळहळतात. जुना एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत आणा. स्कॅन झाल्यावर इथे कळवा, मी वाट बघतेय.