१९६० च्या सुमाराची इमारत हॉटेलसाठी घेतली, तर सागवानी खिडक्या ठेवाव्यात की ॲल्युमिनियमच्या बसवाव्यात?

छत्रपती संभाजीनगरातील आपल्या इमारतीच्या खिडक्या शक्यतो ठेवाव्यात, कारण अशा आधुनिक शैलीच्या वास्तूत नक्षीकाम नसते आणि दर्शनी भागाचे सारे सौंदर्य खिडक्यांच्या प्रमाणांत आणि छज्ज्यांच्या सावलीत असते. ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांनी ते प्रमाण बिघडते.

जुने सागवान सहसा पूर्ण कुजत नाही. पाणी साचते ती झडपेची खालची आडवी पट्टी आणि भिंतीला टेकलेले चौकटीचे पाय एवढेच खराब होतात. तेवढाच भाग कापून, जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. झडप काढण्यापूर्वी तिला व तिच्या चौकटीला एकच क्रमांक द्यावा, कारण इतक्या वर्षांत प्रत्येक झडप आपल्याच चौकटीशी जुळलेली असते. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. तावदाने बसवायला जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) वापरावी. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे फटीत रबरी पट्टी बसवताना थोडी मोकळीक ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते.

रस्त्याचा आवाज आणि वातानुकूलनासाठी आतून, सुमारे १०० मिलिमीटर अंतरावर, काचेची दुसरी झडप बसवावी.

मात्र या साऱ्याआधी काँक्रीटमधील गंजलेल्या सळयांची तपासणी करून घ्यावी. वापर बदलत असल्याने अग्निशमन विभागाची परवानगीही लागेल.