वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसाने विद्यापीठाचे वनस्पती उद्यान पाहून काय मिळवायचे?

आपण विचारले आहे की, छत्रपती संभाजीनगरला मुलांसह येणार आहात, घरात कोणीही विज्ञान शाखेचे नाही, तेव्हा विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जाण्यात काही अर्थ आहे का आणि कोणत्या ऋतूत जावे. मी स्वतः इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि तरीही सांगतो की, अवश्य जा. मी दोन महिने आधी गेलो असतो, तर आमच्या बांधावरचे एक झाड आज उभे असते.

आमची शेती अंबड तालुक्यात आहे. पूर्वेच्या बांधावर एक जुने काटेरी झाड होते. आजोबा त्याला सौंदड म्हणत आणि दसऱ्याला त्याची पूजा केल्यावाचून सीमोल्लंघनाला निघत नसत. आजोबा गेले आणि ते नाव घरात कोणाच्या तोंडी उरले नाही. नाल्याकाठी आणि पडीक जमिनीत वेडी बाभूळ इतकी माजली होती की, थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, त्या झाडालाही तीच समजून एका पौषात करवत लावली. फांद्या मी ओढल्या, म्हणून ही चूक एकट्या दादाची मानत नाही.

फाल्गुनात मी विद्यापीठात गेलो होतो. भाची तिथे वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करीत होती. तिने मला आधी कुंपणालगतची वेडी बाभूळ दाखवली आणि मग थोड्या अंतरावरची शमी. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. ती म्हणाली, “मामा, पानं राहू द्या, काटा कुठून फुटलाय ते बघा.” वेडी बाभळीचा काटा लांब असतो आणि पान जिथून फुटते तिथेच, पुष्कळदा जोडीने, येतो. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद आणि दोन पानांच्या मधल्या जागेत विखुरलेले असतात. सौंदड हे शमीचेच नाव, हेही मला त्या दिवशी कळले.

मी त्याच संध्याकाळी गावी गेलो. तोडलेल्या फांद्या शेळ्यांच्या कुडाला लावलेल्या होत्या. त्यांवरून हात फिरवून पाहिला, तर काटे मधल्या जागेत होते.

दादाचे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे की, काटा तो काटा, आणि झाडांची नावे पाठ करून शेत पिकत नाही. मला हे साफ अमान्य आहे. शमीची मुळे खोल जातात, तिच्याखाली पीक चांगले येते आणि ऐन उन्हाळ्यात तिचा पाला जनावरांना मिळतो. राजस्थानात हीच खेजडी राज्यवृक्ष आहे, आणि जोधपूरजवळ खेजडली गावी 1730 मध्ये ती तोडू न देण्यासाठी अमृतादेवींसह 363 बिष्णोई माणसांनी प्राण दिले. वेडी बाभूळ मात्र अमेरिका खंडातून आणलेली, शेत आणि गायरान गिळणारी. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, त्याचे शेताचे नुकसान होते, आणि आमचे झाले.

म्हणून उद्यानात गेल्यावर झाडावरची पाटी वाचताना शास्त्रीय नाव सोडून पुढे जाऊ नका. आपण बाभूळ, वेडी बाभूळ आणि सुबाभूळ अशी एकाच घरातली वाटावीत अशी नावे घेतो, पण त्या तीन वेगवेगळ्या प्रजातींतल्या (इंग्रजीत ‘जीनस’, म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला शब्द ज्याने ठरतो तो गट) आहेत. उलट, नावात काहीच साम्य नसलेली सौंदड आणि वेडी बाभूळ या दोघी कालपरवापर्यंत ‘प्रोसोपिस’ या एकाच प्रजातीत गणल्या जात होत्या. मुलांना एका भेटीत पन्नास झाडे दाखवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पाच दाखवा, पण साल, काटा, शेंग हाताने चाचपू द्या.

ऋतूविषयी बोलायचे, तर सगळे श्रावणात जातात आणि हिरवा रंग पाहून परत येतात. माझ्या मते माघ-फाल्गुनात सकाळी लवकर जावे, कारण तेव्हा पळस-पांगारा निष्पर्ण असूनही फुललेले असतात आणि सालई, धावडा, मोई यांच्या साली उघड्या दिसतात. बहावा पाहायचा असेल, तर वैशाखाचे ऊन सोसावे लागेल.

मी जाणकार नाही, हे लक्षात असू द्या. वनस्पतिशास्त्र विभागात आधी विचारून जा आणि शक्य झाल्यास तिथला एखादा विद्यार्थी सोबत घ्या, कारण पाट्या पडतात किंवा बदलल्या जातात. पाने-फुले तोडू नका, पडलेली शेंग उचलण्यापूर्वीही विचारा. आणि वेडी बाभूळ काढणेच चूक, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ घेऊ नये. ती काढलीच पाहिजे, फक्त काटा पाहून काढावी.

आमच्या बांधावरच्या बुंध्याला पुढच्या पावसाळ्यात फूट आली. आता ती माझ्या खांद्याएवढी आहे आणि शेळ्या पोहोचू नयेत म्हणून मी भोवती दगड रचले आहेत. दादा तिला अजून वेडी बाभूळच म्हणतो, पण मागच्या दसऱ्याला वहिनींनी तिथे हळदकुंकू वाहिले, तेव्हा तो काही बोलला नाही.